वाळूचे तेल, सटवाईची लेखणी

महाराष्ट्रातल्या शाळांच्या भिंतींवर ज्या सुविचारांनी पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडले, त्यांत वाळूचे कण रगडून तेल काढण्याच्या ओळीचा मान मोठा आहे. निबंधाची सुरुवात तिने होते, गुणगौरव समारंभात पाहुणे ती म्हणतात, क्लासच्या जाहिरातीत ती छापली जाते. ओळ सतराव्या शतकातल्या वामन पंडितांची. भर्तृहरीच्या नीतिशतकाचा त्यांनी समश्लोकी अनुवाद केला, त्यातली ती आहे. आता तो श्लोक पुरा वाचावा. वाळूतून तेल निघेल, मृगजळाने तहान भागेल, रानात हिंडताना सशाचे शिंगही सापडेल, पण हट्टाला पेटलेल्या मूर्खाचे मन काही वळवता येणार नाही, असा त्याचा आशय. म्हणजे भर्तृहरी प्रयत्नाचे पोवाडे गात नव्हता. अशक्य गोष्टींची यादी देऊन तो सर्वांत अशक्य गोष्टीकडे वाचकाला नेत होता. मराठी शाळेने पहिला चरण ठेवला आणि बाकीचे तीन सोडून दिले.

गंमत इथे संपत नाही. त्याच नीतिशतकात दैवाच्या बलवत्तेवर श्लोकांचा एक स्वतंत्र गट आहे. उन्हाने डोके तापलेला टकला माणूस सावलीसाठी झाडाखाली जाऊन बसतो आणि नेमके तिथेच वरून मोठे फळ त्याच्या डोक्यावर आदळते. करंडीत कोंडलेला साप भुकेने मरणाला टेकलेला असतो. रात्री एक उंदीर मोठ्या कष्टाने ती करंडी कुरतडतो, भोक पाडून आत शिरतो आणि थेट सापाच्या तोंडात पडतो. साप पोट भरून त्याच भोकातून निघून जातो. उंदराने कष्ट केले, फळ सापाला मिळाले. ही गोष्ट मात्र कोणत्याही शाळेच्या भिंतीवर दिसत नाही.

प्रेरणादायी साहित्याला अशी निवड करावीच लागते, हे मान्य. उमेद देणारे पुस्तक उंदराची गोष्ट कशाला सांगेल? पण मराठीत दैव आणि प्रयत्न यांचा जो वाद शतकानुशतके चालला, त्यातला मुद्दा फक्त उमेदीचा कधीच नव्हता. अपयश आले तर त्याचा दोष कोणाच्या नावावर टाकायचा, हा त्यातला खरा प्रश्न होता. दैवाच्या, माणसाच्या, की आणखी कोणाच्या? त्या तिसऱ्या उत्तराचा इतिहास जरा निवांत पाहण्यासारखा आहे.

जुन्या शास्त्रकारांनी हा दोष वाटून टाकला होता. एका चाकावर रथ चालत नाही, तसे पुरुषाच्या प्रयत्नावाचून दैव फळत नाही, असे याज्ञवल्क्य स्मृती सांगते. याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात बाराव्या शतकाच्या आगेमागे ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली आणि पुढे महाराष्ट्रातले वारसाहक्काचे निवाडे बहुतांशी तिच्या आधारे होत राहिले. महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर भीष्माला हाच प्रश्न विचारतो, तेव्हा उत्तरात शेत आणि बियाणे येते : प्रयत्न हे शेत, दैव हे बी. चरकसंहितेत आयुष्याची लांबी ठरवतानाही दैव आणि पुरुषकार दोघांना जागा आहे, कारण सगळे दैवानेच ठरत असेल तर वैद्याने औषध तरी कशाला द्यावे? कौटिल्य अधिक रोखठोक. सारखी नक्षत्रे विचारत बसणाऱ्या पोरकट माणसाला पैसा सोडून जातो, असे तो अर्थशास्त्रात बजावतो. चाणक्याच्या नावावर आज जी पुस्तके खपतात, त्यांच्या शेजारच्या फळीवर राशिभविष्याची पुस्तके असतात, हे त्याला आवडले नसते.

या सगळ्यांत योगवासिष्ठ निराळे. तारुण्यातच उदास झालेल्या रामाला वसिष्ठ उभारी देतात, म्हणजे रूढ अर्थाने हे प्रेरणादायी साहित्यच. तिथे दैव नावाची वेगळी वस्तू नाहीच. दैव म्हणजे आपलाच मागचा प्रयत्न. मागचा प्रयत्न आणि आजचा प्रयत्न दोन एडक्यांसारखे टकरा घेतात आणि जोरदार असेल तो जिंकतो. ऐकायला हे फार बळ देणारे आहे. पण यात एक खाच आहे. दैवच जर आपले जुने कर्म असेल, तर जे वाईट झाले तेही आपणच केलेले. आंधळा, पांगळा, उपाशी, सगळे आपापल्या करणीने तसे. ही खाच पुढे फार महागात पडली.

घराघरांतले दैव मात्र ग्रंथांत नव्हते, ते पाट्यावर होते. मूल जन्मल्यावर पाचव्या रात्री, काही घरांत सहाव्या, पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा करायची, जवळ कोरा कागद आणि बोरू ठेवायचा, दिवा मालवू द्यायचा नाही. रात्री केव्हातरी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी लिहून जाते. बोरूच्या जागी बॉलपेन आले तरी कागद कोराच ठेवला जातो. इरावती कर्वे यांनी १९५० साली ‘मॅन’ या मानववंशशास्त्राच्या नियतकालिकात सटवाईची एक मराठी लोककथा प्रसिद्ध केली होती. खुद्द सटवाईची मुलगी आईला विचारते, माझ्या कपाळी काय लिहिलेस? उत्तर येते, तू आपल्याच मुलाशी लग्न करशील. मुलगी पुरुषाचे तोंडही पाहायचे नाही म्हणून रानात जाऊन राहते, आणि टाळायला केलेली प्रत्येक गोष्ट तिला तिथेच नेऊन पोहोचवते. कर्व्यांना त्यात ग्रीकांचा इडिपस दिसला. पण ग्रीक राजासारखे ती डोळे फोडून घेत नाही. कळल्यावर गुपित पोटात ठेवते आणि संसार करते. मराठी बाईच्या दैवकल्पनेत आकांतापेक्षा निभावणे जास्त आहे, हे त्या कथेतून जितके कळते तितके दहा प्रबंधांतून कळणार नाही.

आणि दैव असले की ते वाचून दाखवणारा आलाच. गावगाड्यात ग्रामजोशाचे वतन असे. पंचांग सांगणे, मुहूर्त काढणे, जन्मपत्रिका मांडणे हे त्याचे काम आणि त्याबद्दल धान्याचा हक्क. त्याच्याखाली फिरस्त्यांची मोठी फळी : पहाटे झाडावर चढून शकुन सांगणारा पिंगळा, कुडमुडे वाजवीत येणारा जोशी, मान हलवून होकार-नकार देणारा बैल घेऊन हिंडणारा नंदीबैलवाला. ग्रामजोशी वतनदार, बाकीचे भिक्षेकरी. दैवाच्या धंद्यातही जात आणि उतरंड होती.

रामदासांनी या कारभाराला बगल देऊन एक नामी गोष्ट केली. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात तिसरा समास करंटलक्षणाचा आहे आणि चौथा सदेवलक्षणाचा. करंटा आणि सदेव हे दोन्ही नशिबाच्या दप्तरातले शब्द. ज्याचे ग्रह फिरले तो करंटा, ज्याला दैव अनुकूल तो सदेव. पण रामदासांचा समास उघडला तर त्यात ग्रह औषधालाही नाहीत. करंट्याला आळस प्रिय, यत्न नकोसा, लिहिता-वाचता येत नाही, हिशेब ठेवता येत नाही, हातातली वस्तू हरवतो, फोडतो, सांगितलेले विसरतो, चारचौघांत भांडतो. म्हणजे कुंडली बाजूला ठेवून त्यांनी सवयींची यादी समोर ठेवली. बाराव्या दशकातला नववा समास तर यत्नाच्या शिकवणीलाच वाहिलेला आहे आणि त्याचा श्रोता दुबळा, गांजलेला माणूस आहे. देहाचे भोग प्रारब्धावर सोडावेत असेही रामदास सांगतात, पण व्यवहारात उतरले की हिशेबाची वही पुढे करतात. आजची ‘यशस्वी माणसांच्या सवयी’ सांगणारी पुस्तके विकत घेणाऱ्याने करंट्याचा आणि सदेवाचा हे दोन समास आधी वाचले तर त्याचे थोडे पैसे वाचतील. उणीव एकच. लिहिता-वाचता न येणे हे करंटेपणाचे लक्षण खरे, पण ज्याला कोणी शिकवलेच नाही त्याचे काय, हा प्रश्न तिथे उठत नाही.

तो उठवायला १८५५ साल उजाडावे लागले. पुण्यात मुलींची शाळा काढून जोतीराव फुल्यांना सात वर्षे झाली होती. वय अठ्ठावीस. त्यांनी ‘तृतीय रत्न’ नावाचे नाटक लिहिले आणि त्याचा विषय थेट दैवाचा व्यापार हा घेतला. एक जोशी कुणब्याच्या घरी येतो. घरात बाई गरोदर आहे. नवरा बाहेर गेला आहे. जोशी बोलण्याबोलण्यात तिच्या मनात भीती घालतो : ग्रह वाईट आहेत, पोटातल्या जिवाला धोका आहे. मग उपाय सुचवतो, अनुष्ठान, ब्राह्मणभोजन, दक्षिणा. नवरा आधी कुरकुरतो, पण होणाऱ्या लेकराचा प्रश्न म्हटल्यावर कर्ज काढतो. नाटकात एक विदूषक आहे. तो प्रेक्षकांच्या वतीने जोशाच्या प्रत्येक डावावर बोट ठेवीत जातो. एक पाद्रीही आहे, तो नवराबायकोशी वाद घालून त्यांना विचाराला लावतो.

फुल्यांची करामत अशी की जोशी खलनायकाच्या थाटात कुठेच येत नाही. तो शेजाऱ्यासारखा येतो, गोड बोलतो, काळजी दाखवतो. भीती तयार होते कशी, तिची किंमत ठरते कशी आणि ती वसूल होते कशी, हे पायरीपायरीने दिसते. भीतीने कर्ज, कर्जाने पुन्हा दैन्य, आणि दैन्याचा खुलासा पुन्हा ग्रहांनी. नाटकाच्या शेवटी कुणबी आणि त्याची बायको शिकायचे ठरवतात आणि फुले पतिपत्नींनी प्रौढांसाठी चालवलेल्या रात्रीच्या शाळेकडे निघतात. अनुष्ठान करणाऱ्या घराने शाळेत जायचे ठरवावे, याहून स्पष्ट प्रेरणादायी शेवट दुसरा कोणता असेल?

दोष कोणाचा, या प्रश्नाला इथे पहिल्यांदा तिसरे उत्तर मिळाले. कुणब्याचे दैन्य त्याच्या कपाळावर लिहिलेले नाही, आणि तो आळशी आहे म्हणूनही ते आलेले नाही. त्याला अक्षरापासून दूर ठेवले गेले आणि त्या अज्ञानावर कोणाचे तरी पोट चालले. पुढे ‘ब्राह्मणांचे कसब’ या १८६९ सालच्या पुस्तकात आणि मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकात फुल्यांनी हाच धागा ओढला. यातल्या दुसऱ्या पुस्तकात ग्रह आणि दैव यांवर प्रश्नोत्तरेच आहेत.

‘तृतीय रत्न’ फुल्यांनी मराठी ग्रंथांना बक्षिसे देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले. कमिटीने ते नाकारले. नाटक छापून आले ते १९७९ मध्ये, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या त्रैमासिकात, म्हणजे लिहिल्यानंतर एकशे चोवीस वर्षांनी.

याच सुमारास इंग्लंडमध्येही एक हस्तलिखित नाकारले गेले होते. सॅम्युअल स्माइल्स हा स्कॉटलंडमधला डॉक्टर, पुढे लीड्स शहरात वर्तमानपत्राचा संपादक. १८४५ च्या सुमारास तिथल्या काही कामगार तरुणांनी त्याला भाषणाला बोलावले. दोनतीन पोरांनी एकमेकांना शिकवायला म्हणून सुरू केलेले ते मंडळ, संख्या वाढली तशी कॉलऱ्याच्या जुन्या इस्पितळाची खोली भाड्याने घेऊन बसत होते. त्या भाषणांतून ‘सेल्फ-हेल्प’ हे पुस्तक झाले. रूटलेज या प्रकाशकाने १८५५ मध्ये ते घेतले नाही. १८५९ च्या नोव्हेंबरात जॉन मरे यांनी ते काढले, त्याच महिन्यात आणि त्याच प्रकाशनाने डार्विनचा जीवजातींच्या उत्पत्तीवरचा ग्रंथ काढला होता. स्माइल्सच्या पुस्तकाच्या पहिल्या वर्षातच वीस हजार प्रती गेल्या आणि तो १९०४ मध्ये वारला तोवर अडीच लाखांच्या वर. १८७१ मध्ये नाकामुरा मासानाओ यांनी जपानी भाषांतर केले आणि मेइजी काळातल्या जपानने ते डोक्यावर घेतले. प्रेरणादायी पुस्तकांच्या आजच्या साऱ्या पिढ्यांचे गोत्र या एका पुस्तकाशी जाऊन मिळते, इतके की अशा पुस्तकांना इंग्रजीत आजही त्याच्याच नावाने ओळखतात.

पुस्तकात न्हाव्याचा गिरणीमालक झालेला आर्कराइट आहे, खाणमजुराचा इंजिनिअर झालेला स्टीव्हन्सन आहे, आणि भट्टी विझू नये म्हणून घरातले फर्निचर जाळणारा फ्रेंच कुंभार पालिसी आहे. पालिसीला मनासारखा मुलामा साधला, नाव झाले, आणि धर्ममतापायी म्हातारपणी तो बास्तीयच्या तुरुंगात मेला. चिकाटीने भट्टी पेटती राहिली, पण राजाच्या हुकुमापुढे तिचे काही चालले नाही. स्माइल्स हे सांगतो आणि पुढच्या चरित्राकडे वळतो.

इथे एक गोष्ट विसरली गेली. लीड्सच्या त्या खोलीत जमलेली पोरे एकमेकांना शिकवत होती. कोणी हिशेब जाणे, कोणी भूगोल. स्वावलंबनाचे सर्वांत गाजलेले पुस्तक सहकाराच्या पोटी जन्मले, आणि त्याच्या मुखपृष्ठावरून तो सहकार गायब झाला. नावाचा लोकांनी स्वार्थ असा अर्थ काढला याची खंत स्माइल्सनेच पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत व्यक्त केली आहे. पण तोवर उशीर झाला होता. अमेरिकेत ओरिसन स्वेट मार्डन या अनाथ मुलाला अडगळीत स्माइल्सचे पुस्तक सापडले. १८९४ मध्ये त्याने स्वतःचे पुस्तक काढले, १८९७ मध्ये ‘सक्सेस’ नावाचे मासिक. तिथून पुढे यश हा एकट्या माणसाचा उद्योग झाला.

महाराष्ट्रात मात्र या विचाराने वेगळी वळणे घेतली. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळकांनी ‘गीतारहस्य’ लिहिले, ते १९१५ मध्ये छापले गेले. त्याचे दहावे प्रकरण कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांवर आहे. संचित, प्रारब्ध, क्रियमाण या कोष्टकात माणसाला हालचालीला जागा किती, याचा तिथे बारकाईने खल आहे. प्रारब्ध भोगून संपवावे लागते, पण मोक्षासाठी धडपडायला आत्मा मोकळा आहे, अशी टिळकांची मांडणी. हे वाचताना ते तुरुंगात बसून लिहिले आहे, हे विसरता येत नाही. वाचकांनीही ते विसरले नाही. वेदान्तापेक्षा त्या प्रकरणातला ‘करा’ हा सूर लोकांनी उचलला.

उद्योगाच्या बाजूने किर्लोस्कर आले. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा बेळगावातला कारखाना, सायकलींची दुरुस्ती, मग लोखंडी नांगर, आणि लोखंडाने जमिनीला विष चढते असे मानणारे शेतकरी, ही कथा मराठी माणसाला तोंडपाठ आहे. तिचा उत्तरार्ध मात्र घाईत सांगितला जातो. बेळगावची जागा नगरपालिकेने वस्तीसाठी मागितली आणि कारखाना हलवण्याची पाळी आली, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ निवडुंगाने भरलेली सुमारे बत्तीस एकर जमीन दिली, वर बिनव्याजी पैसे दिले. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. लक्ष्मणरावांची जिद्द खोटी नाही, पण संस्थानिक पाठीशी नसता तर त्या जिद्दीने कुठे तंबू ठोकला असता? नंतर शंकरराव किर्लोस्करांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. उद्योजकांच्या यशोगाथांना मराठीत हक्काची जागा मिळाली ती इथे. पुढे याच मासिकात सावरकरांचे पोथीनिष्ठेवर कोरडे ओढणारे विज्ञाननिष्ठ लेख आले. नांगर विकायचा तर आधी विषाची समजूत खणून काढावी लागते, हे किर्लोस्करांना दुकानात बसून कळले होते, म्हणून त्यांच्या यशोगाथांना प्रबोधनाची जोड आपोआप मिळाली.

योगवासिष्ठातल्या त्या खाचेवर बोट ठेवले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९५७ मध्ये त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात मागच्या जन्मीच्या कर्मसिद्धान्ताची त्यांनी झाडाझडती घेतली आहे. माणूस दरिद्री आहे तो पूर्वजन्मीच्या पापाने, असे मानले तर फायदा कोणाचा? गरिबांच्या स्थितीची जबाबदारी झटकू पाहणाऱ्या राज्यसंस्थेचा आणि समाजाचा, असे त्यांचे उत्तर आहे. दैव नाकारण्यामागे त्यांना श्रीमंत होण्याची युक्ती सांगायची नव्हती. दोष ज्याचा त्याच्या दारात नेऊन टाकायचा होता.

त्यांच्या पाठोपाठ आलेली दलित आत्मकथने याच कसोटीवर वाचावीत. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे, लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ १९८० चे. ती प्रेरणेसाठी लिहिलेली नाहीत, पण हजारो मुलांनी ती तशी वाचली. नरेंद्र जाधवांच्या १९९३ सालच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’ मध्ये मुंबईत कष्ट करून मुलांना शिकवणारा बाप आहे, आणि त्या बापाच्या मागे आंबेडकरी चळवळ उभी आहे. बाप एकटा लढला असे ते पुस्तक म्हणत नाही. यशाच्या गोष्टीत मागे उभी असलेली माणसे दिसतात की पुसली जातात, यावरून पुस्तकाची जात ओळखावी.

शहरी मध्यमवर्ग आणि गिरणगावातली चाळ यांच्यापर्यंत प्रयत्नवाद पोहोचवला तो आणखी एका माणसाने. सचिवालयात नोकरी केलेले वामनराव पै यांनी १९५५ पासून जीवनविद्येचे काम उभे केले. आपल्या आयुष्याचा शिल्पकार आपणच, हे त्यांच्या शिकवणीचे सार आणि ते लोकलच्या डब्यापासून रिक्षाच्या काचेपर्यंत सगळीकडे चिकटले. पै नवससायास आणि बुवाबाजीच्या विरोधात बोलत, व्यसन सोडायला लावत, प्रपंच नीट करायला सांगत. त्यांनी अनेक संसार सावरले, हे त्यांचे टीकाकारही नाकारत नाहीत. मात्र शिल्पकार आपणच म्हटल्यावर शिल्प बिघडले तर छिन्नी आपलीच, हाही निष्कर्ष मागून येतो. १९८२ चा गिरणी संप फसला आणि गिरण्या बंद पडल्या, तेव्हा हजारो घरांची शिल्पे एकाच वेळी कशी बिघडली, याचे उत्तर वैयक्तिक छिन्नीत सापडत नाही.

१९९१ नंतर बाजार उघडला आणि परदेशी प्रेरणादायी पुस्तकांचा लोंढा मराठीत आला. त्यांत दोन नावे या विषयासाठी महत्त्वाची. ब्राझीलच्या पाउलो कोएलोची ‘द अल्केमिस्ट’ ही १९८८ ची कादंबरी आणि रॉन्डा बर्नचे २००६ चे ‘द सिक्रेट’. कोएलोच्या कादंबरीत ‘मक्तूब’ हा अरबी शब्द मंत्रासारखा येतो, अर्थ ‘लिहिलेले आहे’. मेंढपाळ पोराने आपले स्वप्न ओळखले की सारे विश्व त्याच्या मदतीला धावते. पाचवीच्या रात्री पेन ठेवणाऱ्या घरातल्या वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नव्हते. सटवाईच आता हितचिंतक होऊन आली होती. ‘द सिक्रेट’ त्याच्याही पुढे गेले. मनात जे धराल ते विश्व तुमच्याकडे ओढून आणते, चांगले धरा, चांगले येईल. ही कल्पना नवी नाही. इंग्रज लेखक जेम्स ॲलन याने १९०३ मध्ये छोट्या पुस्तकातून तिचा पाया घातला होता, नेपोलियन हिलने १९३७ मध्ये, अमेरिका मंदीतून सावरत असताना, तिला पैशाची जोड दिली.

दैवाला हद्दपार करायला निघालेले साहित्य दीडशे वर्षांत इथे येऊन पोहोचले. कपाळावरचा लेख मनात उतरला, एवढाच फरक. आणि हा लेख जुन्यापेक्षा निर्दय आहे. सटवाईने वाईट लिहिले तर माणूस निदान तिला शिव्या तरी घालू शकत होता. मनानेच वाईट ओढून आणले म्हटल्यावर आजारी माणसाने, काम गेलेल्याने, पीक बुडालेल्याने कोणाकडे पाहावे? शेजारी तरी ‘नशिबाचे भोग’ म्हणून भाकरी आणून देत होते. आता ते त्याला नकारात्मक विचारांचा म्हणून टाळतात.

प्रयत्नवादाच्या या लाटेने ज्योतिषाचा धंदा बसला असेही झाले नाही. जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये साधी चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या आणि कोणती कोणाची ते ज्योतिषांनी ओळखावे असे आव्हान दिले. एक्कावन्न ज्योतिषी पुढे आले, उत्तरे दिली सत्तावीस जणांनी. प्रत्येकाला चाळीस पत्रिका होत्या. सरासरी शेकडा सेहेचाळीस बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून जेवढी येतील त्याच्या आसपास. २०१३ च्या ऑगस्टमध्ये दाभोलकरांचा पुण्यात खून झाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. त्या कायद्यात काय बसत नाही याचीही यादी आहे. वास्तुशास्त्राचा सल्ला आणि जोशी, ज्योतिषी, नंदीबैलवाले यांचे सांगणे त्या यादीत आहे. फुल्यांच्या नाटकातला जोशी आज त्या घरात आला तर भविष्य सांगितल्याबद्दल या कायद्याने त्याच्यावर खटला होणार नाही.

सध्या मराठीत प्रेरणादायी पुस्तकांचा सर्वांत मोठा वाचक आहे तो पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांत बसलेला स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी. त्याच्या टेबलावर विश्वास नांगरे पाटलांचे ‘मन में है विश्वास’ असते, राजेश पाटलांचे ‘ताई, मी कलेक्टर व्हयनू’ असते. ही पुस्तके वाईट नाहीत. पाव विकून शाळा शिकलेल्या मुलाने कलेक्टर व्हावे ही बातमी खेड्यात पोहोचायलाच हवी. पण जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत, हे गणित त्या पुस्तकांच्या मांडणीत सहसा मध्यभागी नसते. पहिल्या यादीत नाव न आलेल्या पोराला दोनच उत्तरे उरतात : एकतर मी कमी पडलो, नाहीतर नशीब. भरती किती वर्षे रखडली, जाहिरात का निघाली नाही, पेपर कोणी फोडला, हे तिसरे उत्तर त्याला प्रेरणादायी पुस्तक देत नाही. ते त्याला आंदोलनात मिळते, आणि तेव्हा घरचे सांगतात, तू आपला अभ्यास कर.

अशा पुस्तकांच्या लेखकांनी आता एक प्रकरण जागांच्या संख्येवर आणि एक आपल्याला फी, जमीन, पुस्तके, शिष्यवृत्ती देणाऱ्यांवर लिहायला हरकत नाही. तोवर वाचकाने ऋणनिर्देशाचे पान आधी वाचावे. आणि १८५५ चे ते नाकारलेले नाटक अजून वाचायचे राहिले असेल, तर महाराष्ट्र शासनाने काढलेल्या ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ या खंडात ते आहे.